केबल स्टॉप आणि केबल गाईड: जुन्या फ्रेमवर भार कोण घेतं?

जुन्या सायकलला नवा ब्रेक नाहीतर गिअर बसवायला घेतला की सगळ्यात स्वस्त भागच सगळ्यात जास्त डोकं खातो. सांगली-मिरजेतल्या कुठल्याही सायकल दुकानात दांड्यावर केबल धरणारी क्लिप मागा, मालक पत्र्याचा एक डबा पुढं सरकवेल. चकचकीत पट्ट्या, बारीक स्क्रू, प्लास्टिकचे तुकडे, कुठल्यातरी मोडीतल्या फ्रेमवरून काढलेल्या कड्या, सगळं त्यात एकत्र. यातल्या काही वस्तू केबल स्टॉप असतात, काही केबल गाईड. दोन्हींचं रूप सारखंच: नळीला आवळायची पट्टी आणि तिच्यावर केबलसाठी छोटं घर. काम मात्र इतकं वेगळं की एकीच्या जागी दुसरी बसवली तर नवा ब्रेक आठवड्यात ढिला लागतो, आणि दोष बिचाऱ्या ब्रेकला जातो.

आधी केबलचं काम कसं चालतं ते बघू. आत तार असते, बाहेर आवरण, ज्याला आपण आउटर म्हणतो. लिव्हर दाबली की तार ओढली जाते हे सगळ्यांना दिसतं. तार जेवढ्या जोरानं ओढली जाते तेवढ्याच जोरानं आउटर दाबला जातो, हे मात्र दिसत नाही. अर्नेस्ट बाउडेन यांनी १८९६ साली ब्रिटनमध्ये पेटंट घेतलेल्या या केबलचा सगळा खेळ एवढाच आहे. आउटरला कुठंतरी पाय रोवायला जागा मिळाली तरच आतल्या तारेची ओढ ब्रेकपर्यंत पोचते. पाय रोवायची ती जागा म्हणजे स्टॉप. तिथं आउटर संपतो, एका बारीक खांद्यावर टेकतो आणि पुढं फक्त उघडी तार जाते. गाईडमध्ये असं काही संपत नाही. अख्खा आउटर आत शिरला तर अख्खाच बाहेर पडतो, उघडी तार आली तर थोडी वळून उघडीच पुढं जाते. मिरजेत वाढलेल्या माणसाला सतारीवरून हे लगेच कळेल. तारगहनाच्या, म्हणजे मानेजवळच्या पट्टीच्या, भोकांतून तारा नुसत्या जातात, ताण सोसतो तो तारा अडकवलेला खालचा लंगोट.

ताण किती? लिव्हर हाताच्या जोराला साधारण तीन-चार पट करून तारेत पाठवते. म्हणजे दहा किलोच्या जोरानं ब्रेक दाबला तर स्टॉपवर तीस-चाळीस किलोचा रेटा येतो, आणि तोही नळीच्या लांबीच्या दिशेनं, म्हणजे पट्टी घसरायला सगळ्यात सोप्या दिशेनं. मागच्या ब्रेकसाठी वरच्या आडव्या दांड्यावर दोन स्टॉप असतील तर पुढचा मागं ढकलला जातो आणि मागचा पुढं. दोघं एकमेकांकडे सरकायला बघतात. ते सरकले तेवढी तार सैल पडते.

सांगली ते मिरज सपाट रस्त्यावर असा ब्रेक खपून जातो, माणसं वर्षानुवर्षं चालवतात. दांडोबाच्या डोंगरावरून उतरताना नाहीतर साताऱ्यात यवतेश्वरच्या घाटात लिव्हर पहिल्यांदा हँडलला टेकते, तेव्हा कळतं.

डब्यातली वस्तू कुठली हे ओळखायला भोक बघा. स्टॉपचं भोक दोन मापांचं असतं. एका बाजूनं आउटर मावेल एवढं, आणि आत थोड्या खोलीवर खांदा, ज्याच्यापुढं फक्त तार जाईल. गाईडचं भोक आरपार एकाच मापाचं, किंवा नुसतीच उघडी खोबण. अंधारात असाल तर आउटरचा तुकडा घालून बघा. अडला तर स्टॉप, आरपार गेला तर गाईड.

हा फरक एकदा डोक्यात बसला की जुन्या फ्रेमवर करायचे बाकीचे फेरबदल त्यातूनच सुटत जातात. पहिला प्रश्न मापाचा. जुन्या इंग्लिश मापाच्या स्टीलच्या फ्रेममध्ये वरचा दांडा बहुतेक वेळा एक इंचाचा, म्हणजे २५.४ मिलिमीटर. खालची तिरकी नळी आणि सीटची नळी एक इंच एक सूत, म्हणजे २८.६. जुन्या फ्रेंच फ्रेम मेट्रिकमध्ये होत्या, वर २६ आणि खाली २८. आज ऑनलाइन मिळणाऱ्या पट्ट्या बहुतेक २८.६, ३१.८ आणि ३४.९ च्या. जाड नळीची पट्टी बारीक नळीवर बसवायची तर मध्ये काहीतरी भरावं लागतं, आणि इथंच गोंधळ होतो. गाईडखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घातला तरी चालतं, उलट रंग वाचतो आणि खडखड बंद होते. स्टॉपखाली रबर अजिबात नको. रबर दबतं, हळूहळू सरकतं, आणि प्रत्येक ब्रेकला स्टॉप थोडा थोडा पुढं जातो. तिथं धातूचाच पत्रा हवा. २८ च्या नळीवर २८.६ ची पट्टी म्हणजे चहूबाजूंनी ०.३ मिलिमीटरची फट. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ चा असतो, त्याचे तीन वेढे पुरतात. पत्रा आणि नळी रॉकेलनं पुसून कोरडी करा, आणि ग्रीसचा हात त्या जागेपासून लांब ठेवा.

प्लास्टिकच्या टायचंही तसंच. गाईड म्हणून उत्तम, दहा रुपयांत मूठभर मिळतात. स्टॉप म्हणून त्यांच्यावर भरवसा ठेवणं म्हणजे स्वतःचे दात पणाला लावणं.

आता फ्रेमचे प्रकार. आपल्याकडची काळी रोडस्टर, ॲटलस, हीरो, हर्क्युलस, कुठलीही घ्या. मूळ ब्रेक दांड्यांचे, म्हणजे तारेऐवजी लोखंडी सळ्यांनी ओढले जाणारे. केबलच नाही, त्यामुळं स्टॉपही नाही आणि गाईडही नाही. अशा सायकलला केबलचा कॅलिपर ब्रेक (रिमला दोन्ही कडांनी चिमटणारा) बसवून द्या म्हणणारे पुष्कळ भेटतात. आधी रिम बघा. दांड्याच्या ब्रेकची रिम कडेला गोलसर असते, रबर आतल्या बाजूनं वर ओढलं जातं. कॅलिपरला कडेची सपाट भिंत लागते, ती या रिमला नसते. रिम बदलणार नसाल तर स्टॉप शोधायची तसदीच घेऊ नका.

याच रोडस्टरवर तीन गिअरचा हब, म्हणजे मागच्या चाकाच्या मध्यातच गिअर असलेला डबा, बसवायचा असेल तर मात्र गोष्ट रंगते. स्टर्मी-आर्चरचा एडब्ल्यू हब १९३६ मध्ये आला, आजही त्याच वळणाचे हब बनतात (कंपनी २००० साली नॉटिंगहॅमहून तैवानच्या सनरेसकडे गेली). त्याची जुनी मांडणी स्टॉप आणि गाईड समजून घ्यायला सगळ्यात चांगली. हँडलवरच्या ट्रिगरपासून, म्हणजे गिअरच्या लिव्हरपासून, आउटर थोडाच येतो आणि वरच्या दांड्यावर आवळलेल्या फल्क्रम क्लिपपाशी संपतो. हा स्टॉप. तिथून उघडी तार दांड्यालगत मागं जाते, सीटखालच्या छोट्या कप्पीवरून खाली वळते आणि हबपर्यंत उतरते. कप्पी म्हणजे गाईड. कप्पी अर्धा इंच इकडंतिकडं बसवली तरी नंतर केबल जुळवून घेता येते. फल्क्रम क्लिप चालता चालता एखाद-दोन मिलिमीटर सरकली तर मात्र वाट लागते, कारण या जुन्या हबला दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये एक रिकामी जागा आहे. तार जरा सैल झाली की दुसऱ्या गिअरमधला हब त्या जागेत उतरतो, पायडल एकदम मोकळं फिरतं आणि उभं राहून जोर मारणारा माणूस दांड्यावर आपटतो. लोक हब खोलून बसतात. आधी क्लिपचा स्क्रू आवळून बघावा.

दुसरा प्रकार म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या परदेशी रेसिंग किंवा टूरिंग फ्रेम. अशा फ्रेम पुण्या-मुंबईतून फिरत फिरत इकडं येतात. त्यांचे गिअर लिव्हर खालच्या तिरक्या नळीवर असत, म्हणजे आउटर फक्त मागच्या टोकाला, वर उघडी तार. १९९० मध्ये शिमानोनं रोडच्या सायकलींसाठी ब्रेक लिव्हरमध्येच गिअर आणला, तेव्हापासून आउटर हँडलवरून निघतो आणि त्याला तिरक्या नळीवर पाय रोवायला जागा लागते. जुन्या फ्रेमला लिव्हर बसवायचे झाळलेले खुंट असतील तर तुमचं नशीब चांगलं. त्या खुंटांवर बसणारे, ताण जुळवायच्या स्क्रूसकट स्टॉप तयार मिळतात, आणि चौकोनी बुडामुळं ते फिरत नाहीत. फ्रेमवर ओरखडाही येत नाही. खुंट नसतील तर पट्टीचा स्टॉप. काही फ्रेमवर नळीच्या खालच्या अंगाला तांदळाएवढा उंचवटा झाळलेला असतो. लोक तो गंजाचा फोड समजून घासून टाकतात. तो जुन्या लिव्हरची पट्टी घसरू नये म्हणून कारखान्यानं मुद्दाम दिलेला असतो. तुमची पट्टी त्याच्या वरच्या अंगाला टेकवून बसवा. आउटर तिला खालीच ढकलणार आहे, आणि खाली हा उभा असेल.

मागच्या आडव्या नळीवरही हाच विचार. ती नळी पायडलच्या बाजूला जाड आणि चाकाकडे निमुळती. मागच्या गिअरचा आउटर तिथल्या स्टॉपला पुढं, म्हणजे जाड भागाकडे ढकलतो. पट्टी सरकू पाहील तेवढी घट्ट होईल. इथं पट्टीचा स्टॉप वरच्या दांड्यापेक्षा निर्धास्त बसवावा. इंडेक्स गिअरमध्ये, म्हणजे लिव्हरच्या एका ‘टक्’ला एक गिअर बदलणाऱ्या मांडणीत, ही बारीक घट्टाई फार मोलाची: शिमानोच्या आठ गिअरच्या लिव्हरमध्ये एका ‘टक्’ला तार जेमतेम २.८ मिलिमीटर ओढली जाते, नऊमध्ये अडीच. स्टॉप अर्धा मिलिमीटर हलला तरी चेन दोन चकत्यांमध्ये कुरकुरत बसते. जुने, टक न होणारे लिव्हर असलं काही मनावर घेत नसत.

पायडलच्या कवचापाशी, म्हणजे फ्रेमच्या तळाला पायडलचा आस फिरतो तिथं, असतो तो गाईड, उघड्या तारेला वळवणारा. तो स्वच्छ ठेवणं एवढंच काम. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्यावर आणलेला काळा चिखल तिथं सुकला की तार कानशीसारखी घासते.

आता खुद्द स्टॉपमध्ये करायचा बदल. जुन्या फ्रेमवरच्या झाळलेल्या स्टॉपचं घर बहुतेकदा ५ मिलिमीटरच्या उघड्या आउटरसाठी केलेलं असतं, टोपीशिवाय (टोपी म्हणजे आउटरच्या टोकावर चढवायचं छोटं टोपण). आजच्या टोपीसकट आउटर ६ च्या आसपास जातो आणि शिरत नाही. ब्रेकचा आउटर असेल तर टोपी सोडून द्या. त्याचं टोक कानशीनं सपाट करा, आतली प्लास्टिकची नळी टोकदार सुरीनं मोकळी करा आणि बसवा. त्याची गुंडाळलेली सळई स्वतःच खांद्यावर नीट टेकते. गिअरच्या ४ मिलिमीटरच्या आउटरला हे चालणार नाही. त्यात तारा लांबीत असतात, टोपीविना त्या खांद्यातून बाहेर घुसतात. त्याला पायरीची, पुढं बारीक होणारी टोपी आणा. आणि हे दोन आउटर एकमेकांच्या जागी कधीही वापरू नका. गिअरचा आउटर ब्रेकच्या दाबाखाली फुटू शकतो.

पायरीची टोपी मिळालीच नाही तर घर मोठं करता येतं. ड्रिलच्या टोकाला चिकटपट्टी लावून खोली ठरवून घ्या, जेमतेम टोपी बसेल एवढंच कोरा, खांदा शाबूत ठेवा. हातड्रिलच बरं. इलेक्ट्रिक ड्रिल पकडलं की खांद्याच्या पार जायला क्षण लागत नाही. उघड्या धातूला लगेच रंगाचा हात द्या. २०१९ च्या महापुरात बुडालेल्या फ्रेम मी पाहिल्यात, पट्ट्यांखाली आणि असल्या भोकांत गंज सगळ्यात आधी धरतो.

हाच खांदा मुद्दाम काढून टाकणारेही असतात. डिस्क ब्रेकसाठी नाहीतर अखंड आउटर नेण्यासाठी स्टॉप आरपार कोरायचा. तसं केलं की स्टॉपचा गाईड होतो आणि भिंत इतकी पातळ उरते की पुन्हा कधी त्याच्यावर भार टाकता येत नाही. उलटा प्रवास नाही. माझं मत विचाराल तर जुन्या चांगल्या फ्रेमवर हे करू नये, अखंड आउटर शेजारून गाईडच्या क्लिपांनी बांधून न्यावा. दिसायला थोडं गावठी, पण फ्रेम तशीच राहते.

किंबहुना मागच्या ब्रेकसाठी मी हाच मार्ग आधी सुचवतो. वरच्या दांड्यावर पट्टीचे दोन स्टॉप आवळून त्यांच्याशी भांडत बसण्यापेक्षा लिव्हरपासून ब्रेकपर्यंत एकच आउटर आणि तीन क्लिपा. घसरायला काही उरतच नाही. फक्त मध्येच आउटर कापून त्या क्लिपेवर टेकवायचा मोह आवरा, ती गाईड आहे.

नवा स्टॉप झाळून घ्यायचा हट्ट असेल तर ग्रिलवाल्याकडे जाऊ नका. रेनॉल्ड्स ५३१ सारख्या हलक्या पोलादी नळीची जाडी मध्यभागी ०.६ मिलिमीटरपर्यंत उतरते, विजेचं वेल्डिंग तिला भोक पाडतं. पितळेनं झाळणारा माणूस शोधावा आणि नळी कोणती आहे ते त्याला आधी सांगावं.

काहीही बसवलं तरी रस्त्यावर काढण्याआधी पट्टीच्या दोन्ही कडांशी नळीवर पेन्सिलची रेघ ओढा. मग लिव्हर पूर्ण ताकदीनं वीसेक वेळा दाबा. रेघ आणि कड यांच्यात केसाएवढी फट दिसली तर पत्रा बदला किंवा पट्टी. गाईडजवळ फट दिसली, तर तिच्यावर कुठून तरी भार येतोय. आउटर तिथंच कापला गेलाय का ते आधी बघा.