जपानी समाजकार्याचा आरंभ : स्त्रियांचे कष्ट, पुरुषांची पदे

जपानच्या मेइजी सरकारने (मेइजी म्हणजे सम्राट मेइजींचा १८६८ ते १९१२ हा काळ) १८७४ मध्ये गरिबांच्या मदतीसाठी नियमावली केली, परंतु तिचा लाभ मुख्यतः ज्यांना कोणीही नातेवाईक नाही अशा वृद्ध, आजारी, अपंग आणि अनाथांनाच मिळे. बाकीच्यांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी सांभाळावे, अशी सरकारची धारणा होती. घरच्यांनी सांभाळायचे म्हणजे प्रत्यक्षात घरातल्या स्त्रीने. १८९८ च्या नागरी संहितेने कुटुंबप्रमुखाच्या हाती मोठे अधिकार दिले आणि १९०० च्या पोलीस कायद्याने स्त्रियांना राजकीय संघटनांत सामील होण्यास आणि राजकीय सभांना जाण्यास बंदी घातली. अशा काळात घराबाहेर पडून सार्वजनिक काम करू पाहणाऱ्या स्त्रीला दानधर्म आणि बालसंगोपन हेच त्यातल्या त्यात मोकळे क्षेत्र होते.

या क्षेत्रात त्या केवळ मदतनीस नव्हत्या. ईशान्य जपानमधील आइझूच्या उर्यू इवा यांनी बोशिन युद्धातील (१८६८-६९ च्या यादवी युद्धातील) जखमींची आणि निराधारांची सेवा केली आणि १८९१ मध्ये तोक्योच्या योइकुइन या निराधारगृहातील मुलांची जबाबदारी घेतली. मात्र त्या संस्थेचे नाव आजही प्रामुख्याने तिचे दीर्घकाळ प्रमुख असलेले उद्योगपती शिबुसावा एइइची यांच्याशी जोडले जाते. नोगुची युका आणि मोरिशिमा मिने या दोघी सरदार घराण्यांतील मुलांच्या बालवाडीत शिकवत. कामावर जाता-येता रस्त्याच्या कडेला बसून खेळणारी गरिबांची मुले त्यांना दिसत, आणि त्याच मुलांसाठी त्यांनी १९०० मध्ये भाड्याच्या घरात फुताबा बालवाडी सुरू केली. १९०६ मध्ये ती सामेगाहाशीच्या झोपडवस्तीत गेली. तेथील आया दिवसभर मजुरीवर असत, त्यामुळे बालवाडीचे पाळणाघर होणे अपरिहार्यच होते. १९१६ मध्ये नावही तसे बदलले, आणि १९२२ मध्ये संस्थेने निराधार आयांना मुलांसह राहता येईल असे निवासस्थान उघडले. गरजू स्त्रीचे आईपण आणि तिची मजुरी या दोन्हींचा इतका नेमका विचार त्या काळी सरकारदरबारी झालेला नव्हता.

ख्रिस्ती समाजसुधारक तोमेओका कोसुके यांनी १८९९ मध्ये तोक्योतील सुगामो येथे गुन्हेगारीकडे वळलेल्या मुलांसाठी काढलेल्या ‘कुटुंबशाळे’ची घडण वेगळी होती. मुले छोट्या घरांत राहत आणि त्यांना कौटुंबिक वातावरण मिळावे, हा हेतू असे. पुढे सुधारगृहांत पती-पत्नीने मिळून असे घर चालवण्याची पद्धत रूढ झाली. मुलांना तिचा लाभ झाला, यात शंका नाही. पण पत्नीचे रांधणे, शिवणे, आजारपण काढणे हे मायेचे काम मानले गेल्याने ते कौशल्य म्हणून मोजले गेले नाही.

१९१८ च्या उन्हाळ्यात तोयामाच्या किनाऱ्यावरील कोळी वस्त्यांतील बायकांनी तांदळाच्या महागाईविरुद्ध आवाज उठवला आणि तांदूळ-दंगली देशभर पसरल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओसाकाचे गव्हर्नर हायाशी इचिझो यांनी समाजकार्याचे अभ्यासक ओगावा शिगेजिरो यांच्या साहाय्याने ‘होमेन इइन’ ही वस्तीनिहाय समाजसेवकांची व्यवस्था उभी केली. केशकर्तनालयात बसले असताना हायाशींना आरशात वर्तमानपत्रे विकणारी एक गरीब आई आणि तिची मुले दिसली, अशी या योजनेची जन्मकथा सांगतात. कथेच्या केंद्रस्थानी स्त्री आहे. घराघरांची माहिती नोंदवून मदतीची शिफारस करणारे हे बिनपगारी सेवक मात्र बहुतांशी दुकानदार आणि वस्तीतील प्रतिष्ठित पुरुष होते. स्त्रिया त्यांत फारच थोड्या होत्या.

स्त्रियांनी शिक्षणाची वाट धरली. तोक्योच्या ज्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून महर्षी कर्वे यांना १९१६ मध्ये पुण्यात महिला विद्यापीठ काढण्याची प्रेरणा मिळाली, त्याच संस्थेने १९२१ मध्ये समाजकार्याचा विभाग उघडला. त्याच्या दोन शाखा होत्या: बालकांचे संरक्षण आणि कारखान्यांतील स्त्री-कामगारांचे संरक्षण. १९३३ मध्ये हा विभाग गृहशास्त्राखाली आणला गेला, हे मला विशेष खटकते. अमेरिकेत शिकून आलेल्या असागा फुसा यांनी १९२९ पासून तोक्योच्या सेंट ल्यूक रुग्णालयात वैद्यकीय समाजकार्याचा पाया घातला, तोही अशाच काळात.

स्त्री-हक्कांच्या लेखिका यामादा वाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या चळवळीनंतर १९३७ मध्ये माता-बालक संरक्षण कायदा झाला आणि तेरा वर्षांपर्यंतचे मूल असलेल्या गरीब एकट्या आईला मदतीची तरतूद मिळाली. वर्तनामुळे मूल वाढवण्यास अयोग्य ठरणाऱ्या आईला मात्र ती नाकारता येत असे. या कायद्याच्या अंमलबजावणीत साहाय्य करण्याचे काम होमेन इइन यांच्याकडेच सोपवले गेले, आणि ज्या स्त्रियांनी तो घडवून आणला त्यांना मतदानाचा हक्क मिळायला १९४५ चा डिसेंबर उजाडावा लागला.