काळी, पांढरी आणि घर आखणारी माणसं

विदर्भात गावाची जमीन दोन नावांनी ओळखतात. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे गावठाण. जुन्या माणसांच्या बोलण्यात हे शब्द अजून आहेत आणि त्यात बांधकामाचं मोठं शहाणपण आहे. कपाशीची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आटते. मे महिन्यात तिला इतक्या भेगा पडतात की कोपरापर्यंत हात आत जावा. अशा जमिनीवर साधा पाया घेऊन भिंत उभी केली, तर दोन-चार पावसाळ्यांत ती कोपऱ्यातून फाटते. म्हणून वस्ती पांढरीवर. आज काळ्या मातीत बांधायचंच झालं, तर खाली भोपळ्यासारखा फुगवटा असलेले खांब जमिनीत खोल उतरवतात. ही पद्धत रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केली. पण जागा कोणती निवडायची, हे गावाने त्याच्या कितीतरी आधी ठरवून ठेवलं होतं.

हे सुरुवातीलाच सांगण्याचं कारण असं. आर्वी, दारव्हा, मूल, धारणीकडच्या गावांत वाढलेली आणि नागपूर-अमरावतीत वास्तुकला शिकलेली मुलं-मुली आता आपापल्या भागात काम करू लागली आहेत. त्यांच्या कामाची दखल घेतली जाते, सत्कार होतात, आणि ते व्हायलाच हवेत. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलीने पाच वर्षांचा हा महागडा अभ्यासक्रम पुरा करणं ही लहान गोष्ट नाही. फक्त, त्यांना 'पहिली पिढी' म्हटलं की मी जरा अडखळतो. पदवीची पहिली पिढी, हे खरं. घर आखणाऱ्यांची परंपरा मात्र या भागात फार जुनी आहे आणि या मुलांचं चांगलं काम नेमकं तिच्यातूनच आलेलं आहे.

दगडी कामाबद्दल थोडक्यात. लोणारचं दैत्यसूदन मंदिर, दर्यापूरजवळच्या लासूरचं आनंदेश्वर, वैनगंगेच्या काठचं मार्कंडा ही नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटाच्या दरवाजांवर कोरलेला हत्ती आणि सिंह आजही दिसतो. ही राजांच्या आणि राजाश्रयाच्या काळातली कामं. त्यांच्यावर लिहिलंही पुष्कळ गेलं आहे.

मला जास्त जवळची वाटते ती पूर्व विदर्भातल्या तलावांची रचना. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत हजारो मालगुजारी तलाव आहेत. मालगुजार म्हणजे गावाचा सारा गोळा करणारे जुने जमीनदार. सरकारी भाषेत हे तलाव माजी मालगुजारी, म्हणून लोक त्यांना सरळ 'मामा तलाव' म्हणतात. ते प्रामुख्याने कोहळी समाजाने बांधले. नवेगाव बांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने सांगितला जातो. दोन टेकड्यांमधली नेमकी चिंचोळी जागा हेरायची, तिथे मातीची पाळ घालायची, जास्तीचं पाणी पाळ न फोडता बाजूने निघून जाईल अशी वाट ठेवायची, आणि एका तलावातून सुटलेलं पाणी खालच्या तलावात जाईल अशी साखळी करायची. हे सगळं डोळ्यांच्या अंदाजाने आणि पाण्याच्या वागण्यावरून. भूदृश्य रचना हा शब्द आज महाविद्यालयात शिकवतात; तिचा इतका मोठा नमुना आपल्या धानाच्या बांध्यांमध्ये पडून आहे.

घरांकडे या. पश्चिमेला बुलडाणा, अकोला, वाशीमकडे धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं घर. सागाच्या मयाली म्हणजे तुळया, त्यावर आडवी लाकडं, काड्या आणि पाला, आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी वर नवी माती टाकायची आणि चोपून बसवायची. ज्याला पैसा कमी त्याच्या घराला पऱ्हाटीचा कूड. कापूस वेचून झाला की उरलेल्या काड्या उभ्या-आडव्या गुंफायच्या आणि दोन्ही अंगांनी शेणमातीने लिंपायचं. पूर्वेला पाऊस जास्त, म्हणून उतरतं छप्पर आणि कवेलू, म्हणजे मातीची कौलं. दरवर्षी मृगाच्या आधी कवेलू फेरायचे, म्हणजे काढून पुन्हा नीट लावायचे. मेळघाटात कोरकूंच्या गावात घरांच्या दोन रांगा समोरासमोर, मधून रुंद रस्ता, भिंती बांबूच्या ताटव्यांच्या आणि लिंपलेल्या. एवढ्या एका प्रदेशात इतके प्रकार आहेत, कारण प्रत्येक ठिकाणी हाताशी जे होतं त्यातूनच घर झालं.

माझ्या लहानपणी आमच्या घराची मागची खोली पाडून नवी बांधायची ठरली. मिस्त्री आला तो एक दोरी घेऊन. दोरीला त्याने गाठी मारल्या: तीन हातांवर एक, तिथून चार हातांवर दुसरी, पुढे पाच हातांवर तिसरी. तीन खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, आणि कोपरा अगदी काटकोनात बसला. मग राखेची फक्की घेऊन त्याने जमिनीवर रेघ मारली. आजी ओसरीवरून पाहत होती. ती म्हणाली, खिडकी तिकडं नको, तिकडून झड येते. मिस्त्रीने पायाने रेघ पुसली आणि दुसरीकडे मारली. नकाशा बदलायला इतकाच वेळ लागला. पुढे शाळेत पायथागोरसचा सिद्धांत आला, तेव्हा मला ती दोरी आठवली होती.

या सगळ्या लोकज्ञानाकडे विचार म्हणून पाहायला सुरुवात झाली ती वर्धेजवळ. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी सेगावला आले. बुलडाण्यातल्या शेगावशी टपालाचा घोळ होत असल्यामुळे १९४० मध्ये या गावाचं नाव सेवाग्राम झालं. इथल्या घरासाठी गांधीजींनी घातलेली अट प्रसिद्ध आहे: खर्च पाचशे रुपयांच्या वर जाता कामा नये, आणि सामान व कारागीर आसपासचेच हवेत. गांधीजींच्या इंग्रज शिष्या मीराबेन यांनी हे काम हातात घेतलं. आज आपण जिला बापू कुटी म्हणतो, ती आधी मीराबेन यांचीच कुटी होती. मातीच्या भिंती, बांबू, लाकूड, कवेलू. आत गेलात तर भिंतीवर मातीनेच उठावात काढलेली ताडाची झाडं आणि चरखा दिसतो. उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता तिथे बसून पाहावं. बाहेर पारा पंचेचाळिसाच्या आसपास असतो आणि आत श्वास घेता येतो. खोल ओसरी ऊन भिंतीपर्यंत येऊच देत नाही. गावातल्या शेतकऱ्याच्या घराचीच ही रीत. मीराबेन यांनी ती पाहिली, समजून घेतली आणि तिला नीटनेटका आकार दिला.

या विचाराचा प्रवास लांबवर झाला. लॉरी बेकर हे इंग्रज वास्तुरचनाकार. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत त्यांची गांधीजींशी भेट झाली. आदर्श घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानातून बांधलेलं असावं, हे गांधीजींचं म्हणणं बेकर जन्मभर सांगत राहिले आणि केरळात त्यांनी ते करून दाखवलं. आपल्या महाविद्यालयांतली मुलं बेकर यांच्या इमारती पाहायला तिरुवनंतपुरमला सहलीला जातात. त्यांनी जरूर जावं. वाटेत सेवाग्रामलाही उतरावं.

वर्ध्यातच ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय सुरू झालं. खादी आणि ग्रामोद्योगाच्या वस्तू, अवजारं, त्यांच्या सुधारलेल्या आवृत्त्या तिथे मांडल्या गेल्या. पुढे १९७० च्या दशकात देवेंद्रकुमार यांनी वर्ध्यात ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र उभं केलं. या केंद्राने लोकप्रिय केलेली एक गोष्ट मला इथे सविस्तर सांगायची आहे, कारण तिच्यात कुंभार आणि अभियंता एकमेकांच्या शेजारी बसलेले दिसतात. तिचं नाव गुणा टाइल.

कुंभार चाकावर एक निमुळता पेला काढतो. एका तोंडाला रुंद, दुसऱ्या टोकाला अरुंद. भट्टीत भाजला की एका पेल्याचं अरुंद टोक दुसऱ्याच्या तोंडात बसतं. असे पेले एकात एक घालत गेलं की त्यांची लांबच लांब नळी होते. ती साच्यावर वाकवली की कमान तयार. कमानीला कमान लावत गेलं की अर्धगोल छत होतं. लाकूड नाही, सळई नाही. पेल्यांच्या आत पोकळी राहते आणि ती ऊन अडवते. मडक्याला गिऱ्हाईक कमी होत चाललेल्या काळात कुंभाराच्या चाकाला छताचं काम मिळालं. एवढी साधी आणि सुंदर गोष्ट गावागावांत पोचली नाही, याचं वाईट वाटतं.

ती न पोचण्याची कारणंही पाहायला हवीत. १९८० च्या दशकात चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा-कोरपना भागातल्या चुनखडीवर सिमेंटचे मोठे कारखाने उभे राहिले. सिमेंट तालुक्याच्या दुकानात मिळू लागलं. त्याआधीच, १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याने 'आर्किटेक्ट' ही पदवी नोंदणीकृत माणसापुरती राखून ठेवली होती. तो कायदा गरजेचा होता. पण व्यवहारात घराची आखणी आणि घराचं बांधकाम या दोन वेगळ्या जगांतल्या गोष्टी झाल्या. एक नागपुरात, कागदावर. दुसरी गावात, निनावी.

सरकारी घरकुलानेही सवयी बदलल्या. १९८५ मध्ये इंदिरा आवास आलं, २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजनेचा ग्रामीण भाग. घराचं किमान क्षेत्रफळ २० चौरस मीटरवरून २५ चौरस मीटर झालं, आणि त्यात स्वयंपाकाची जागा धरली गेली. सुरुवातीला सपाट भागासाठी मदत १ लाख २० हजार रुपये होती. गवंड्यांसाठी ४५ दिवसांचं प्रशिक्षणही आलं. ज्यांच्या डोक्यावर गळकं छप्पर होतं त्यांना या योजनेने घर दिलं, आणि त्याचं मोल शहरात बसून कमी लेखू नये. कवेलू सोडून लोक टिनाकडे आणि स्लॅबकडे का वळले, हे कुठल्याही गावात विचारा. वानरं कवेलू फोडतात, फेरणारा माणूस मिळत नाही, सागाचं लाकूड परवडत नाही. कारणं खरी आहेत. पण पक्कं म्हणजे सिमेंटचंच, असं मनात बसलं, आणि मे महिन्यात तापलेल्या स्लॅबखाली कूलर लावून झोपणं नशिबी आलं.

बांबूची गोष्ट वेगळी, तिच्यात कायदा आडवा होता. १९२७ च्या वन कायद्यात बांबूची गणती झाडात होती. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने घोटूल, म्हणजे गोंड तरुणांचं एकत्र जमण्याचं घर उभारलं, तेव्हा लाकडावरून वाद झाला; वनखात्याने ते उतरवलं आणि गावाने ते पुन्हा उभं केलं. पुढे वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. जंगलाबाहेरचा बांबू झाडांच्या व्याख्येतून निघाला तो थेट २०१७ मध्ये. म्हणजे शेतकऱ्याने बांधावर लावलेला बांबू विनापरवाना घराला वापरता येणं, ही अगदी अलीकडची गोष्ट आहे.

तरी कायदा बदलायच्या आधी काही माणसं कामाला लागली होती. नागपूरचे वास्तुविशारद विनू काळे यांनी आपलं कौशल्य बांबूसाठी वाहून घेतलं. सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी नव्वदच्या दशकात मेळघाटातल्या लवादा इथे संपूर्ण बांबू केंद्र सुरू केलं. कोरकू तरुण तिथे शिकले आणि पुढे स्वतः बांधू लागले. २०१४ मध्ये चंद्रपूरजवळ चिचपल्लीला शासनाचं बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र मंजूर झालं. सूप-टोपल्या विणणाऱ्या बुरडांच्या हाताला खुर्ची, दिवा, भिंतीचा ताटवा अशी कामं मिळण्याची वाट यातून तयार झाली.

आजची तरुण मंडळी या वाटेवर उभी आहेत. त्यांच्यापैकी काहींच्या वह्या मी पाहिल्या आहेत. एका मुलीने आपल्या आजोळच्या गावातली जुनी घरं मोजली होती. ओसरी किती फूट खोल, मयाल कुठल्या लाकडाची, कूड किती बोटं जाड, सारवण कोण करतं आणि किती दिवसांनी. एका पानावर पाडलेल्या घराचा नकाशा होता, शेजाऱ्यांना विचारून काढलेला. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात नाव लिहायची चौकट असते. तिथे तिने आपलं नाव लिहिलं होतं, खाली मार्गदर्शकांचं, आणि त्याखाली स्वतःच आणखी एक ओळ आखून तिच्यावर ते घर बांधणाऱ्या मिस्त्रीचं. त्या मिस्त्रीचं आडनाव कुणालाच आठवत नव्हतं, म्हणून पुढे फक्त गावाचं नाव घातलं होतं.