शोभिवंत गोल्डफिश : निवड आणि संगोपन

शोभिवंत गोल्डफिश : सिप्रिनिडी कुलातील गोड्या पाण्यातील पाळीव मासा. शास्त्रीय नाव कॅरॅशियस ऑराटस. लिनीअस यांनी १७५८ मध्ये त्याचे वर्णन सिप्रिनस ऑराटस या नावाने केले होते. मराठीत त्याला सोनमासा असेही म्हणतात. या माशाच्या पाळीव प्रकारांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. साधा गोल्डफिश, कॉमेट व शुबुनकिन यांचे शरीर लांबट आणि पुच्छपर एकेरी असतो. फॅनटेल, र्‍युकिन, व्हेलटेल, ओरांडा, रांचू, लायनहेड, टेलिस्कोप, पर्लस्केल, सेलेस्टियल, बबल आय इत्यादींचे शरीर आखूड व फुगीर असून पुच्छपर सामान्यतः दुहेरी असतो. ‘शोभिवंत’ ही संज्ञा दुसऱ्या गटाला लावतात आणि प्रस्तुत नोंद त्या गटापुरतीच आहे. या माशांच्या संगोपनाचे बहुतेक नियम माणसाने घडवलेल्या त्यांच्या शरीरातूनच निघतात. म्हणून त्यांच्या उत्पत्तीचा विचार येथे विस्ताराने केला आहे.

उत्पत्ती व इतिहास : गोल्डफिशचा उगम चीनमधला, याविषयी आता दुमत नाही. त्याचा रानटी पूर्वज कोणता, यावर मात्र दीर्घकाळ वाद होता. यूरोपातील क्रूशियन कार्प व जपानमधील कॅरॅशियस जाती यांकडेही पूर्वी बोट दाखवले जाई. तंतुकणिकांमधील (मायटोकाँड्रियातील) डीएनएच्या तुलनेवरून जपानी जाती या वंशावळीतून बाद झाल्या असून यांगत्से नदीच्या खालच्या खोऱ्यातील चिनी कॅरॅशियस माशांशी गोल्डफिशचे नाते सर्वांत जवळचे दिसते. या रानटी माशांना ऑराटस म्हणावे की गिबेलिओ (याच वंशातील दुसरी जाती), हा मुख्यतः वर्गीकरणाचा वाद आहे. येथे पहिले नाव ग्राह्य धरले आहे.

लालसर खवल्यांच्या माशांचे उल्लेख चिन राजवंशाच्या काळापासून (२६५–४२०) सापडतात, असे सांगितले जाते. पण ते रानटी माशांत क्वचित आढळणाऱ्या रंगभेदाचे असावेत, पाळीव माशांचे नव्हेत. चिनी प्राणिशास्त्रज्ञ शिसान चेन यांनी १९५६ मध्ये जुन्या चिनी साधनांच्या आधारे या इतिहासाची जी मांडणी केली, ती आजही सर्वांत विश्वसनीय वाटते. त्यांच्या मते पहिली पायरी सुंग काळातली (९६०–१२७९). बौद्ध परंपरेत पुण्यकर्म म्हणून जिवंत मासे ज्या तळ्यांत सोडत, त्या तळ्यांत सोनेरी मासे शिकारीपासून सुरक्षित राहिले. ज्याशिंग येथील अशा माशांची हकिकत दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातली मानतात. सम्राट गाओझुंग याने पदत्यागानंतर हांगचौ येथील राजवाड्याच्या तळ्यात सोनेरी मासे जमवले. अनेक पुस्तकांत दिले जाणारे ११६२ हे साल या घटनेशी जोडलेले दिसते. मात्र तो पाळीवपणाचा आरंभ नसून आधीच सुरू असलेल्या प्रथेला मिळालेला राजाश्रय होय.

शोभिवंत प्रकारांच्या दृष्टीने निर्णायक बदल त्यानंतरचा आहे. मिंग काळात, बहुधा सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर, मासे तळ्यांतून मातीच्या व चिनी मातीच्या भांड्यांत आले. तळ्यात दुहेरी शेपटीचे संथ पिल्लू टिकणे अवघड. भांड्यात ते जगते, वरून न्याहाळता येते आणि त्याची वेगळी वीण घेता येते. जांग छ्यानद याने १५९६ मध्ये या माशांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, म्हणजे तोवर हा छंद चांगलाच रुजला होता. जपानमध्ये गोल्डफिश १५०२ मध्ये साकाई बंदरात आला, ही हकिकत १७४८ च्या एका जपानी ग्रंथात आढळते. जवळजवळ अडीचशे वर्षांनंतरची ही साक्ष सावधपणेच स्वीकारावी लागते. यूरोपसाठी १६११ हे साल वारंवार दिले जाते. भक्कम पुरावे त्यानंतरचे, सतराव्या शतकाच्या अखेरीपासूनचे आहेत. व्हेलटेल हा प्रकार मात्र अमेरिकेत, फिलाडेल्फिया येथील पैदासकारांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी घडवला.

आनुवंशिकी : दुहेरी पुच्छपराचे कारण २०१४ मध्ये तैवान व जपानमधील संशोधकांनी दाखवून दिले. गोल्डफिशच्या पूर्वजात सुमारे १.४ कोटी वर्षांपूर्वी संपूर्ण जनुकसंच दुप्पट झाला (आजही त्याची गुणसूत्रे सामान्यतः १०० असतात). त्यामुळे भ्रूणाची पाठ व पोट ठरवणाऱ्या कॉर्डिन या जनुकाच्या दोन आवृत्त्या त्याच्याकडे आहेत. दुहेरी शेपटीच्या माशांत त्यांपैकी एक आवृत्ती प्रथिनाची जुळणी अकाली थांबवणाऱ्या उत्परिवर्तनाने निकामी झालेली असते. झेब्राफिशमध्ये कॉर्डिन निकामी झाले, तर बहुतेक भ्रूण जगत नाहीत. गोल्डफिशमध्ये दुसरी आवृत्ती भ्रूण सावरून धरते आणि दोष शेपटीच्या टोकाशी, दोन पुच्छपर व बहुधा दोन गुदपर या रूपात उरतो. हा गुण अप्रभावी (दोन्ही पालकांकडून आला तरच दिसणारा) असल्याने एकेरी शेपटीच्या माशाशी संकर केल्यास पहिल्या पिढीतच तो लोपतो. टेलिस्कोपचे बाहेर आलेले डोळेही एका जनुकाच्या बिघाडामुळे असल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले.

खवल्यांची आनुवंशिकी त्याहून जुनी आणि पाळणाऱ्याला थेट उपयोगी आहे. खवल्याची धातूसारखी चकाकी ग्वानीन स्फटिकांच्या थरामुळे येते. चेन यांनी १९२८ मध्ये दाखवले की चकाकणारे, ठिपकेदार मोतिया (कॅलिको) आणि पारदर्शक हे तीन प्रकार अपूर्ण प्रभावितेने ठरतात, म्हणजे चकाकणारा व पारदर्शक यांच्या संकरातून मधला, कॅलिको प्रकार निघतो. म्हणूनच कॅलिको माशांची जोडी लावली तरी सरासरी निम्मीच पिल्ले कॅलिको निघतात. पाव चकाकणारी व पाव पारदर्शक होतात. पर्लस्केलचे घुमटासारखे खवले कॅल्शियमच्या साठ्यामुळे उठून दिसतात. ते निखळले, तर नव्याने येणारा खवला बहुधा सपाट असतो. या प्रकाराला जाळीने न पकडता भांड्याने उचलावे, ते याचसाठी.

निवड : मासा निवडताना आधी त्याचे पोहणे पाहावे, रंग नंतर. निरोगी मासा पाण्यात आडवा, समतोल राहतो. तो थांबला तरी डोके खाली वा शेपूट वर जात नाही. पृष्ठपर उभा असतो. रांचू, लायनहेड, सेलेस्टियल व बबल आय यांना पृष्ठपर नसतोच, म्हणून त्यांच्या बाबतीत पाठीची कमान पाहावी. ती सलग असावी. मध्ये खळगा, उंचवटा किंवा पराचा अर्धवट काटा नसावा. कल्ल्यांची झाकणे सपाट बसलेली असावीत आणि दोन्ही बाजूंनी सारखी हलावीत. एकच कल्ला चालवणारा मासा बहुधा कल्ल्यांवरील परजीवींनी त्रस्त असतो. खवले अननसाप्रमाणे उभे राहिलेले दिसले, तर तो जलोदर होय आणि असा मासा क्वचितच वाचतो. टाकीतला एक मासा आजारी दिसत असेल, तर त्याच टाकीतला दुसरा निरोगी दिसणारा मासाही घेऊ नये.

पुच्छपर बाजूने पाहून निर्णय होत नाही. मासा पांढऱ्या उथळ भांड्यात घेऊन वरून पाहावा. शेपटीचे दोन भाग कण्याच्या रेषेपासून सारख्या कोनात उघडलेले असावेत. एक भाग आत मुडपलेला असल्यास मासा आयुष्यभर तिरका पोहतो. रांचूची पैदास मुळात वरून पाहण्यासाठीच झाली असल्याने ही पद्धत त्याला विशेष लागू पडते.

ओरांडा, रांचू व लायनहेड यांच्या डोक्यावर वेन नावाची मांसल, गाठीदार वाढ असते. लहान पिल्लांत ती जेमतेम दिसते आणि पुढे एक-दोन वर्षांत भरते. त्यामुळे लहान मासा घेताना रुंद कपाळ व डोळ्यांमधले अंतर पाहावे. ज्याचे वेन आधीच डोळ्यांवर उतरले आहे, त्याला खाद्य दिसत नाही. रंगाची हमी कोणी देऊ शकत नाही. ब्लॅक मूर (काळा टेलिस्कोप) वयानुसार, विशेषतः उबदार पाण्यात, तांबूस होऊ शकतो. लाल-पांढऱ्या माशातला लाल भाग आक्रसतो.

पहिल्यांदा पाळणाऱ्याने फॅनटेल किंवा र्‍युकिन घ्यावा. सेलेस्टियल व बबल आय हे मासे नवख्याला देऊ नयेत, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. सेलेस्टियलचे डोळे जन्मतः सरळ असतात व वाढीच्या काळात आकाशाकडे वळतात. समोरचे खाद्य त्याला वासाने शोधावे लागते. बबल आयच्या डोळ्यांखालच्या द्रवाने भरलेल्या पिशव्या फिल्टरच्या तोंडाशी ओढल्या जाऊन फुटू शकतात. हे मासे फक्त त्यांच्यासारख्याच मंद माशांबरोबर आणि तोंडाला स्पंज लावलेल्या फिल्टरवर ठेवावेत. कॉमेट व शुबुनकिन यांच्याबरोबर तर कोणताच शोभिवंत प्रकार ठेवू नये, कारण चपळ मासे खाद्य आधीच संपवतात.

टाकी व पाणी : गोल काचेचे भांडे या माशासाठी अयोग्य आहे. शोभिवंत गोल्डफिश १५ ते २० सेंमी.पर्यंत वाढतो आणि नीट सांभाळल्यास दहा-पंधरा वर्षे जगतो. भांड्यात तो ‘भांड्याच्या मापाचा’ राहतो ही समजूत चुकीची असून तेथे त्याची वाढ खुंटते व आयुष्य घटते. पहिल्या माशासाठी सुमारे ७५ लिटर व पुढील प्रत्येकासाठी सुमारे ४० लिटर पाणी हा प्रचलित अंदाज किमान समजावा. टाकी उंच असण्यापेक्षा लांब-रुंद असावी. त्यामुळे पाण्याचा हवेशी संपर्क वाढतो आणि जड शरीराच्या माशाला वर-खाली करण्याचे श्रम पडत नाहीत.

सर्वांत महत्त्वाचा विषय अमोनियाचा. गोल्डफिश भरपूर खातो व तेवढेच उत्सर्जन करतो. अमोनियाचे नायट्राइटमध्ये व नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जीवाणू फिल्टरच्या स्पंजवर रुजायला साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे सोडू नयेत. टाकीत थोडा अमोनिया घालून जीवाणू आधी वाढवावेत. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही चाचणीत शून्य आले की टाकी तयार झाली. अमोनियाचा विषारीपणा पाण्याच्या सामूवर (पीएच, म्हणजे आम्ल-अल्क पातळी) अवलंबून असतो. २० अंश से. तापमानाला सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी सुमारे ०.४ टक्के भागच विषारी, मुक्त रूपात असतो. सामू ८ झाला की तो ४ टक्क्यांजवळ जातो. दूरच्या प्रवासानंतर पिशवी उघडताना हेच घडते. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून सामू उतरलेला असतो. पिशवी उघडताच तो वायू निघून जातो, सामू चढतो आणि साठलेला अमोनिया विषारी बनतो. अशा माशाला पिशवी उघडून तासभर थेंबथेंब पाणी देत बसू नये. बंद पिशवी पाण्यावर तरंगवून तापमान जुळवावे, मग मासा लगेच टाकीत घ्यावा आणि पिशवीतले पाणी फेकून द्यावे. ही पहिली टाकी मुख्य टाकीपासून वेगळी असावी. नव्या माशाला किमान चार आठवडे तेथेच ठेवावे.

दर आठवड्याला पाव ते निम्मे पाणी बदलावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालवण्यासाठी सोडियम थायोसल्फेट पुरते, परंतु पाणी क्लोरामाइनने शुद्ध केलेले असल्यास त्यातून अमोनिया सुटतो व त्याचाही बंदोबस्त करावा लागतो. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळावा, म्हणजे जीवाणू टिकतात. तापमान १८ ते २२ अंश से. उत्तम. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो (२० अंशांना लिटरमागे सुमारे ९.१ मिग्रॅ., ३० अंशांना ७.६ मिग्रॅ.) आणि माशाची गरज मात्र वाढते, म्हणून उकाड्यात एअर पंप बंद ठेवू नये.

खाद्य व वाताशयाचे विकार : गोल्डफिशला जठर नसते. अन्न घशातील दातांनी चिरडले जाऊन सरळ आतड्यात जाते. एकदाच पोटभर घालण्यापेक्षा दिवसातून दोन-तीन वेळा, दोनेक मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. आखूड शरीरात कणा वाकलेला, आतडे दाटीने बसलेले आणि वाताशयाचा (तरंगण्यास मदत करणाऱ्या हवेच्या पिशवीचा) मागचा कप्पा अनेकदा लहान असतो. त्यामुळे पोट फुगले की तोल बिघडतो आणि मासा उलटा तरंगतो. तरंगत्या खाद्याबरोबर हवा गिळल्याने हे होते, असे बरेच अनुभवी पालक मानतात. वाताशयाला अन्ननलिकेशी जोडणारी नलिका या माशात असल्याने ही शंका अगदीच निराधार नाही. परंतु कण्याची ठेवण व जंतुसंसर्ग ही कारणे अधिक वजनदार वाटतात. उपाय मात्र दोन्ही मतांत सारखाच आहे : बुडणारे, आधी भिजवलेले दाणे, एक-दोन दिवसांचा उपास आणि नंतर सोललेला उकडलेला वाटाणा. कण्याच्या रचनेमुळे आलेला दोष याने बरा होत नाही.

रोग : पांढरे ठिपके (इक्थिऑफ्थिरियस), आर्गुलस, लर्निया व कल्ल्यांवरील चपटे कृमी हे नेहमीचे परजीवी. नायट्राइट वाढलेले असल्यास पाण्यात ०.१ टक्का साधे मीठ घालतात. क्लोराइडमुळे कल्ल्यांतून नायट्राइट आत जाणे रोखले जाते. गोल्डफिशचा हर्पीस विषाणू १९९० च्या दशकात जपानमध्ये प्रथम ओळखला गेला. त्यातून वाचलेला मासा वरून निरोगी दिसूनही इतरांना लागण देऊ शकतो.

प्रजनन : विणीच्या काळात नराच्या कल्ल्यांच्या झाकणांवर व अंसपरांच्या (कल्ल्यांमागच्या जोडपरांच्या) पुढच्या काटेरी कडेवर पांढरे बारीक दाणे उठतात, ते पांढऱ्या ठिपक्यांचा रोग समजून औषध देऊ नये. अंडी चिकट असून वनस्पतींना चिकटतात व तापमानानुसार दोन ते सात दिवसांत फुटतात. पिल्ले आरंभी करड्या-हिरवट रंगाची असतात. सोनेरी रंग येण्यास काही महिने लागतात. नको असलेली पिल्ले वा मोठे मासे नदी-तलावांत सोडू नयेत. मोकळ्या पाण्यात गोल्डफिश तळ ढवळून पाणी गढूळ करतो आणि स्थानिक माशांच्या मुळावर येतो. ऑस्ट्रेलिया व उत्तर अमेरिकेतील अनेक जलाशयांत त्याने असाच ठाण मांडला आहे.