चिविता दि बान्योरेज्यो: गावात शिरायला तिकीट का?

चिविता हे इटलीतलं टेकडीवरचं छोटं गाव. रोमहून रेल्वेने ओर्विएतो, तिथून बसने बान्योरेज्यो आणि शेवटी सुमारे ३०० मीटर लांबीचा, गावाकडे चढत जाणारा पादचारी पूल. चिविताची एका दिवसाची सहल बहुतेक जण अशीच करतात. पुलाआधी तिकीट काढावं लागतं. संग्रहालय समजू शकतो, पण गावाला तिकीट?

वस्ती एट्रुस्कनांच्या, म्हणजे रोमनांआधी मध्य इटलीत नांदलेल्या लोकांच्या काळातली, म्हणजे सुमारे २,५०० वर्षांपूर्वीची. तेराव्या शतकात फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती पंथाचा एक मोठा संत इथे जन्मला; त्याचं घर कधीच दरीत गेलं. टेकडीचा माथा तुफाचा, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या दगडाचा. आपल्या जांभ्यासारखे त्याचे चिरे काढता येतात, घरंही त्याचीच. त्याखाली मात्र चिकणमाती आहे. दोन्ही बाजूंचे ओढे आणि पाऊस ती माती धुऊन नेतात, वरच्या तुफाचा आधार सुटतो आणि कडा तुटतो.

जून १६९५ मध्ये भूकंप झाला. त्यानंतर बिशपची गादी आणि नगराचा कारभार शेजारच्या वस्तीत हलला, लोकही हळूहळू तिकडे गेले. नावाचा गोंधळ इथलाच. आज जिला बान्योरेज्यो म्हणतात ती मूळची एका बाजूची वस्ती. लोकांबरोबर नावही तिकडे गेलं. मागे राहिलेल्या तुकड्याला ‘चिविता’ म्हणजे नगर म्हणतात, आणि वर्षभर तिथे राहणारी माणसं जेमतेम डझनभर. ‘उत्तम जतन केलेलं मध्ययुगीन गाव’ हे वर्णन म्हणूनच मला अपुरं वाटतं. जुनी घरं पाडून नवी बांधायला इथे फारसं कुणी उरलंच नव्हतं, म्हणून ती टिकली.

दुसऱ्या महायुद्धात माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने पूल उडवला. आजचा काँक्रीटचा पूल १९६५चा. विसाव्या शतकातच, याच भागात जन्मलेल्या एका लेखकाने चिविताला ‘मरणारं गाव’ म्हटलं. ते विशेषण गावाला कायमचं चिकटलं आणि पुढे पाहुणे खेचायला तेच कामी आलं.

२०१३ साली स्थानिक प्रशासनाने पूल ओलांडायला दीड युरो आकारायला सुरुवात केली. इटलीत असं करणारं हे पहिलं गाव मानलं जातं. विरोध स्वाभाविक होता. गल्ली, चौक, चर्चसमोरची जागा सगळ्यांची. तिथे पाय ठेवायला पैसे मागितले की माणसं राहतात ती जागा प्रदर्शन ठरते, असा तो आक्षेप. दुसरीकडे व्यवहार सरळ होता. दिवसभर हिंडून संध्याकाळी परतणारा पाहुणा मुक्काम करत नाही, जेवतोच असंही नाही. त्याच्या मागची झाडलोट आणि डागडुजी मात्र गावाच्या गळ्यात. स्थानिकांना तिकीट नव्हतंच. मला निर्णय योग्य वाटतो, कारण ढासळणारा कडा सावरण्याचा खर्च डझनभर माणसांच्या करातून कधीच निघाला नसता.

तिकिटाने गर्दी आटेल ही भीती खोटी ठरली. २०१०च्या सुमारास वर्षाला सुमारे ४०,००० लोक येत. २०१७ साली हा आकडा साडेआठ लाखांच्या घरात गेला. दर आधी वाढवून तीन युरो आणि सुट्टीच्या दिवशी पाच असा झाला, पुढे सरसकट पाच. या उत्पन्नामुळे बान्योरेज्योच्या रहिवाशांचे स्थानिक कर माफ झाले, उपाहारगृहं आणि राहण्याच्या खोल्या वाढल्या. एवढ्यावर मी समाधानी नाही. करमाफी चांगलीच, पण तिकिटातला पैसा आधी कड्यावर लागायला हवा.

२०२१ साली इटलीने जागतिक वारशासाठी चिविताचं नाव पुढे केलं. २०२४ मध्ये व्हेनिसनेही काही ठरावीक दिवशी, फक्त दिवसापुरत्या येणाऱ्यांना पाच युरो आकारले. मुक्कामी पाहुण्यांना त्यातून सूट होती. वाद जवळपास तसाच झाला, फक्त तिथे एकच पूल अडवून भागणार नव्हतं.