पेंढ्याला वारा लागू देणारं दाताळं

गोव्यात पेडण्याकडच्या एखाद्या कुणग्यातून, म्हणजे भातशेताच्या तुकड्यातून, हार्वेस्टर फिरून गेला की मागे पेंढ्याच्या ओळी उरतात. वरून सोनेरी, आत हात घातला तर कोंदट, गरमसर. ऑक्टोबरात सरदीच्या, म्हणजे पावसाळी हंगामाच्या भाताची कापणी आणि परतीचा पाऊस हातात हात घालूनच येतात. म्हणून आपल्याकडे दाताळं, म्हणजे पेंढा ओढून ओळीत गोळा करणारं ट्रॅक्टरचं अवजार, निवडताना वेगाआधी वाऱ्याचा विचार करावा लागतो.

गठ्ठे बांधताना पेंढ्यात 20 टक्क्यांहून जास्त ओल राहिली, तर बुरशी आणि जिवाणू कामाला लागतात. त्यांच्या श्वसनातून उष्णता निघते, आणि पेंढ्यातून ती सहजी बाहेर पडत नाही. वाफाळलेली उडवी ज्याने उकरली आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको.

चाकांच्या दाताळ्यात तारेच्या बोटांची चाकं चालीच्या दिशेला तिरकी बसवलेली असतात. बोटं जमिनीला घासली की चाक आपोआप फिरतं आणि पेंढा बाजूला सरकवतं. पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद अवजाराला देणारा फिरता दांडा, नको; फारसा खर्च नाही, लहान ट्रॅक्टर पुरतो. पण जमिनीला घासणं हेच त्याचं इंजिन! ओलसर चिकणमातीत ते मातीही ओढून आणतं. भाताच्या पेंढ्यात सिलिका आधीच भरपूर, वर ही माती. गुरांनी काय खावं? शिवाय पेंढा लोळत लोळत दोरीसारखा पिळला जातो, आणि आतली ओल आतच राहते.

रोटरी दाताळ्याचे हात पीटीओच्या जोरावर गोल फिरतात. ओळीपाशी आल्यावर कॅम, म्हणजे आतली वाकडी चकती, दात वर उचलतो, पेंढा सुटा पडतो, ओळ फुगीर होते. वारा आरपार जातो. महाग असलं तरी मी एक रोटरचं, तीन मीटरच्या आसपासचं घेईन. त्याहून रुंद यंत्र मेरेपाशी, म्हणजे बांधापाशी, वळवताना नाकी नऊ येतात. दातांची टोकं जमिनीपासून बोटभर वर ठेवायची.

भाताचा पेंढा दंव उडाल्यावर ओढावा. अळसांद्याचे (चवळीचे) वेल मात्र थोडे दमट असतानाच. कडक वाळल्यावर पानं झडतात, आणि प्रथिनं तर पानांतच जास्त.

ओल तपासायला बरणीत मूठभर चिरलेला पेंढा आणि चमचाभर मीठ घालून दोन-तीन मिनिटं हलवा. मिठाचे गोळे झाले तर गठ्ठे बांधू नका. आगरातलं जाडं मीठ असेल तर आधी तव्यावर भाजून गार करून घ्या, ते मुळातच ओलं असतं.