गिझरच्या पाईपला भोक पडलंय? एमसील लावायच्या आधी हे वाचा

थंडी सुरू झाली की आमच्याकडे ठरलेला फोन येतो, "गॅस गिझरच्या धुराच्या पाईपला बारीकसं भोक पडलंय, जरा एमसील मारून देता का?" नाही देत. आणि तुम्हीपण मारू नका.

गॅस जळला की धुरासोबत पाण्याची वाफ निघते, आणि थोडीथोडकी नाही, एक किलो एलपीजी जळला की साधारण दीड लिटर पाणी. ही वाफ थंड पाईपला लागली की आत थेंब जमतात, धुरातला कार्बन डायऑक्साईड त्यात मिसळून ते पाणी आंबट होतं आणि पत्रा आतल्या बाजूने खात जातं. म्हणून बाहेर टाचणीएवढं भोक दिसतं तेव्हा आत बरंचसं गेलेलं असतं, बोटाने दाबलं तर पापडासारखं मोडतं. तुम्ही एक भोक बुजवता, महिन्याभरात शेजारी दुसरं. त्यातून घरात शिरणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला ना रंग ना वास, सिलेंडर लीक झाला की कळतं तसं हे कळत नाही. तेव्हा पाईप बदलेपर्यंत गिझर बंद, दोन दिवस बादलीत पाणी तापवा.

आता आमची अडचण. पाईप बदलणं एरवी अर्ध्या तासाचं काम, पण एमसील गिझरच्या कॉलरवर, म्हणजे पाईप ज्या कड्यात बसतो त्यावर, दगडासारखं बसलेलं असलं की आमचा माणूस छिन्नी घेऊन दीड तास तेच खरवडतो, त्यात कॉलर वाकली की तीपण बदलावी लागते, आणि मग बिल बघून "पाईपचेच एवढे?" अहो पाईपचे नाहीत, एमसील काढायचे.

बऱ्याचदा मूळ दुखणं उताराचं असतं. फॅनवाल्या गिझरचा आडवा पाईप बाहेरच्या बाजूला किंचित उतरता हवा, म्हणजे पाणी बाहेर डक्टमध्ये ठिबकतं, उलटं गिझरमध्ये येत नाही. कबुतरं येतात म्हणून पाईपच्या तोंडात फडकं कोंबू नका, जाळीची टोपी मिळते. आणि टॉयलेट धुवायची अ‍ॅसिडची बाटली गिझरखाली ठेवू नका, तिची वाफ गिझर आत ओढतो, गंज दुप्पट जोरात चढतो.

आम्ही ३०४ ग्रेडचा स्टेनलेस स्टीलचा पाईप बसवतो. साध्या पत्र्यापेक्षा महाग आहे, मान्य, पण कोकणात खाऱ्या हवेत घर असेल तर पत्र्याचा विचारच नको. वर्षाच्या सर्व्हिसिंगमध्ये पाईप खोलून आतून बघतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. फोन करायच्या आधी जॉइंटचा आणि पाईपच्या बाहेरच्या तोंडाचा फोटो पाठवा, बरोबर मापाचा पाईप घेऊनच येतो, दुसरी फेरी पडत नाही.