डेटोनासाठी नंबर: कुणाला नको असलेल्या घड्याळाची पार्श्वभूमी

रोलेक्सचे स्टीलचे 'डेटोना' घ्यायचे तर नुसते पैसे असून भागत नाही. अधिकृत विक्रेत्याकडे नाव नोंदवायचे आणि त्याच्या फोनची वाट पाहायची. तो कधी येईल, येईल की नाही, हे विक्रेता सांगत नाही. 1960-70 च्या दशकातले जुने डेटोना हवे असेल, तर नाव नोंदवायचीही सोय नाही. लिलावांचे कॅटलॉग चाळत आणि डीलरांशी ओळखी जपत संग्राहकांची वर्षे जातात. आणि हे सगळे ज्या घड्याळासाठी चालते, ते पहिली पंचवीस वर्षे दुकानांत रेंगाळत होते.

फ्लोरिडातल्या डेटोना बीचची मोटारशर्यतीची मोठी धावपट्टी 1959 मध्ये सुरू झाली. तिथल्या शर्यतींशी रोलेक्सने नाते जोडले आणि 1963 मध्ये 'कॉस्मोग्राफ' हे स्टॉपवॉचची सोय असलेले घड्याळ बाजारात आणले. त्याचा मॉडेल क्रमांक 6239. 'डेटोना' हे नाव तबकडीवर थोडे नंतर आले. वेग मोजायची मापपट्टी तबकडीवरून उचलून काचेभोवतीच्या कड्यावर, म्हणजे बेझलवर नेली, हे यातले नवेपण. पण आतले यंत्र मूळचे वाल्जू कंपनीचे होते आणि त्याला हाताने चावी द्यावी लागे. रोलेक्सचा लौकिक चावी न लागणाऱ्या, पाणी आत न शिरणाऱ्या घड्याळांचा. इथे चावी तर होतीच, शिवाय बाजूची साधी बटणे पाण्यापुढे भरवशाची नव्हती. स्क्रूने घट्ट बसणारी बटणे नंतर आली. गिऱ्हाईक वळले नाही, यात नवल नाही.

त्यातही एक तबकडी तर अगदीच उपेक्षित. सिंगर या तबकड्या बनवणाऱ्या कंपनीकडून आलेल्या या प्रकारात छोट्या गोलांतल्या रेषांच्या टोकांना चिमुकले चौकोन आहेत, आकड्यांचे वळण निराळे आहे आणि कडेची सेकंदांची पट्टी वेगळ्या रंगाची आहे. त्या काळच्या सभ्य गिऱ्हाइकाला ती भडक वाटली असावी. मागणी कमी, म्हणून अशी घड्याळे थोडीच निघाली. आज ती दुर्मीळ आहेत ती कुणाच्या दूरदृष्टीमुळे नव्हे, तर खपली नाहीत म्हणून.

अभिनेते पॉल न्यूमन यांना शर्यतींचा नाद लागला, तेव्हा पत्नी जोॲन वुडवर्ड यांनी त्यांना असेच एक 6239 घेऊन दिले. मागे कोरून घेतले, 'जपून चालव – मी'. न्यूमन शौकापुरते चालवणारे नव्हते. 1979 मध्ये ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्यांचा संघ दुसरा आला. ते घड्याळ त्यांच्या मनगटावर असलेली छायाचित्रे फिरली आणि 1980 च्या दशकात इटलीतल्या संग्राहकांनी या तबकडीचे नावच 'पॉल न्यूमन' ठेवले. जाहिरातीवर दमडी खर्च न होता बाजार तयार झाला. न्यूमन यांनी मात्र 1984 मध्ये ते घड्याळ मुलीच्या तेव्हाच्या मित्राला सहज देऊन टाकले होते.

वाट पाहायला लावणारा दुसरा धागा ल लोक्ल या स्विस गावातला आहे. बॅटरीवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळांच्या लाटेत झेनिथ कंपनीच्या अमेरिकी मालकांनी 1975 मध्ये यांत्रिक घड्याळांची साधने मोडीत काढायला सांगितले. शार्ल व्हर्मो या कारागिराने 'एल प्रिमेरो' यंत्राची अवजारे आणि आराखडे कारखान्याच्या माळ्यावर दडवून ठेवले. ही आज्ञा मोडली गेली नसती, तर पुढचे कदाचित घडलेच नसते. 1988 मध्ये रोलेक्सने पहिले ऑटोमॅटिक, म्हणजे चावी न लागणारे डेटोना, 16520, काढले, ते याच यंत्रावर. तारीख काढून टाकली आणि ताशी 36,000 ठोक्यांचा वेग 28,800 वर आणला. यंत्रे बाहेरून येणार, तीही मोजकीच. इकडे मागणी एकदम उसळली आणि नाव नोंदवून थांबायची प्रथा पडली. बजाज चेतकला नंबर लावून वर्षानुवर्षे थांबलेल्या पिढीला हे वेगळे समजावायला नको: हातातला माल दुकानातल्या किमतीपेक्षा महाग विकला जाऊ लागला.

2000 मध्ये रोलेक्सने स्वतःचे 4130 यंत्र बसवले. म्हणजे बाहेरच्या पुरवठ्याचे कारण संपले, रांग मात्र संपली नाही. 2016 मध्ये स्टीलच्या मॉडेलला सिरॅमिकचे बेझल आले आणि ती आणखी लांबली. कंपनी मुद्दाम कमी माल काढते, हा आरोप जुना आहे, कंपनी तो मान्य करत नाही. माझ्या मते हा वाद थोडा गैरलागू आहे. रांगेत थांबलेल्या अनेकांना घड्याळाइतकीच त्यावरच्या नफ्याची ओढ असते, आणि ती पुरवठा थोडा वाढवून भागणारी नाही.

न्यूमन यांचे ते मूळ घड्याळ 26 ऑक्टोबर 2017 रोजी न्यूयॉर्कमध्ये फिलिप्स या लिलाव करणाऱ्या कंपनीकडे विकायला आले. फोनवरून पहिलीच बोली एक कोटी डॉलरची लागली! शेवटी ते 1 कोटी 77 लाख 52 हजार 500 डॉलरला गेले. मनगटी घड्याळाचा तो तेव्हाचा विक्रम. 2019 मध्ये पाटेक फिलिपच्या एका घड्याळाने तो मोडला. मला मात्र 2018 च्या जिनिव्हातल्या लिलावाची गोष्ट अधिक सांगावीशी वाटते. चावीची डेटोना स्टीलची किंवा पिवळ्या सोन्याची असतात. पांढऱ्या सोन्याचे फक्त एकच ठाऊक आहे, 6265. ते जॉन गोल्डबर्गर या इटालियन संग्राहकाकडे होते. त्यांनी ते विकायला काढले आणि आलेली सुमारे 59 लाख स्विस फ्रँकची रक्कम मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला दिली.

जुन्याच्या शोधात खरा वेळ जातो तो पारखण्यात. तबकडीच सगळी किंमत ठरवते, म्हणून साध्या डेटोनावर नक्कल 'न्यूमन' तबकडी चढवून विकणारे आहेत. खरेदीदार भिंगाखाली आकड्यांचे वळण आणि छपाईची जाडी तपासतो. केसचा, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचाचा, क्रमांक त्या तबकडीच्या काळाशी जुळतो का, आणि पॉलिश करकरून पट्ट्याकडचे खांदे बारीक झालेत का, तेही पाहतो. त्यात आणखी एक घोळ: पूर्वी सर्व्हिसिंगला आलेल्या घड्याळाची जुनी तबकडी उतरवून कोरी नवी बसवली जायची. मालकही खूश असायचा. त्यामुळे अस्सल घड्याळ एकाच्या कपाटात आणि त्याची अस्सल तबकडी भलतीकडेच, अशा ताटातुटी झाल्या आहेत, आणि काही संग्राहक नुसत्या सुट्या तबकडीच्या मागावर असतात.